आजोबांची गोळी आणि घरातलं मांजर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या दवाखान्यात म्हातारं कुत्रं किंवा मांजर आलं, की मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘घरात बी.पी.ची गोळी कोण घेतं?’ लोक गोंधळतात. आणलंय मांजर आणि डॉक्टर चौकशी करताहेत सासूबाईंच्या गोळ्यांची! पण या प्रश्नामागे कारण आहे. साठी उलटलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथे फ्रिजवर किंवा देवघराजवळच्या फळीवर बहुधा गोळ्यांचा एक डबा असतो. त्याच घरातल्या जनावरालाही उतारवयात रक्तदाबाचा त्रास होऊ शकतो आणि त्याला लागणारं औषध पुष्कळदा त्या डब्यातलंच असतं. नाव तेच, रंग तोच, कंपनीही तीच. घोटाळा होतो तो नेमका इथेच.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी एक आजोबा रिक्षातून त्यांच्या पॉमेरेनियनला, राजाला, घेऊन आले. राजा टॉवेलात गुंडाळलेला. मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्याफटक, पंजे गार. छातीला नळी लावली, तर ठोके इतके संथ, की घड्याळाकडे पाहत मी ते दोनदा मोजले. ‘सकाळी काय दिलंत?’ मी विचारलं. आजोबा म्हणाले, ‘दोन दिवस सारखा धापा टाकत होता. माझं बी.पी. वाढलं की मलाही असंच होतं. म्हणून माझ्यातली अर्धी गोळी दिली. अर्धीच हो डॉक्टर, पूर्ण नाही. आणि गोळी चांगल्या कंपनीची आहे.’ त्यांनी खिशातून पट्टी काढून दाखवली. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि अ‍ॅटेनोलॉल ५० मिलिग्रॅम अशी दोन औषधं एकत्र असलेली गोळी होती ती. राजाचं वजन सहा किलो.

राजा वाचला. रात्रभर सलाईन, औषधं आणि दर अर्ध्या तासाला तपासणी. आजोबा घरी जायला तयार नव्हते, पायरीवर बसून राहिले. आठवड्याने, गोळीचा अंमल पूर्ण उतरल्यावर मी राजाचा रक्तदाब मोजला. तो वाढलेला नव्हताच. त्याच्या हृदयाची झडप वयोमानाने गळत होती आणि त्यात मे महिन्याचा उकाडा. म्हणजे नसलेल्या रोगावर, न ठरवलेल्या मापाने, दुसऱ्याचं औषध दिलं गेलं होतं. आजोबांच्या मायेत काही खोट नव्हती. म्हणून तर मला आज या विषयावर बोलावंसं वाटलं.

पहिली गोष्ट मोजण्याची. गंमत म्हणजे रक्तदाब जगात पहिल्यांदा मोजला गेला, तो माणसाचा नव्हे, एका घोडीचा. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीला आडवं बांधलं, तिच्या पायाच्या धमनीत नळी बसवली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढलं. हे निरीक्षण त्याने १७३३ साली प्रसिद्ध केलं. त्या मुक्या जनावराचा त्यात जीव गेला. पुढे १८९६ मध्ये रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरने दंडाला बांधायचा पट्टा आणला, १९०५ मध्ये कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने नळी लावून आवाज ऐकायची रीत दाखवली आणि माणसाचं रक्तदाब मोजणं सोपं झालं. ज्या प्राणिवर्गापासून सुरुवात झाली, तो मात्र मागे राहिला. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा गाई, म्हशी, बैल हाच आमचा अभ्यास. मांजराचं बी.पी. मोजायचं असतं, असं त्या वेळी कोणी म्हणालं असतं, तर आम्ही हसलो असतो.

आता ते मोजता येतं आणि मोजायलाच हवं. पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी लहानसा पट्टा बांधतात. पंजाखालच्या धमनीवर जेल लावून डॉप्लर यंत्राचं टोक धरतात. रक्त वाहू लागलं की ‘शूं... शूं...’ असा आवाज येतो. पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ३० ते ४० टक्के असावी लागते. पट्टा अरुंद असला तर आकडा उगाच मोठा येतो, रुंद असला तर उगाच लहान. म्हणून माणसाचं घरगुती यंत्र मांजराच्या पायाला गुंडाळून काही कळत नाही. तो प्रयोग करून पाहिलेले दोन-तीन हौशी गृहस्थ माझ्याकडे येऊन गेले आहेत.

शिवाय जनावर घाबरलेलं असतं. रिक्षाचा प्रवास, टेबलाचा थंड पत्रा, शेजारी भुंकणारा अल्सेशियन. रक्तदाब वाढणारच. त्यासाठी त्याला पाच-दहा मिनिटं शांत खोलीत, मालकाजवळ बसू द्यायचं. पहिला आकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या पाच-सात आकड्यांची सरासरी घ्यायची. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेने २०१८ साली सुधारून दिलेल्या मार्गदर्शनात वरच्या आकड्यावरून चार पायऱ्या केल्या आहेत. १४० मिलिमीटरच्या खाली असेल तर काळजी नाही. १४० ते १५९ असेल तर थोडी, १६० ते १७९ असेल तर मध्यम आणि १८० किंवा त्याहून जास्त असेल तर डोळे, मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना मोठा धोका. एकाच भेटीतल्या एका आकड्यावर जन्माची गोळी सहसा सुरू करत नाहीत. डोळ्यांना किंवा मेंदूला इजा झालेली दिसत असेल, तर मात्र थांबायचं नसतं.

इथे मला माझ्या स्वतःच्या घरातलं सांगायला हवं. आमची ठमी नावाची मांजर बारा वर्षांची झाली होती. ती पाणी जास्त पिऊ लागली आहे, हे माझ्या पत्नीच्या लक्षात आलं होतं. ‘हिचं रक्त एकदा तपासा ना,’ असं ती दोनदा म्हणाली. मी ‘या रविवारी बघू’ म्हणत राहिलो. एका संध्याकाळी ठमी नेहमीच्या वाटेने स्वयंपाकघरात जाताना तिवईवर आपटली. मी तिला उचललं, दिव्याखाली धरलं. दोन्ही बाहुल्या मोठ्या, उजेडात आक्रसतच नव्हत्या. रक्तदाब निघाला २३०. दोन्ही डोळ्यांतले पडदे सुटले होते. गावभरच्या मांजरांचा रक्तदाब मोजणाऱ्या माणसाने घरच्या मांजराचा मोजला नव्हता.

मांजरांत हा रोग बहुतेक वेळा दुसऱ्या रोगाच्या पाठीवर बसून येतो. मूत्रपिंडं झिजणं हे मुख्य कारण, त्यानंतर थायरॉइड ग्रंथीचं जास्त काम करणं. कुत्र्यांत मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग नावाचा ग्रंथीदोष आणि मधुमेह. गोचिडतापानंतरही काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला कायमचा धक्का बसतो. काही वेळा आम्हीच दिलेल्या स्टिरॉइडसारख्या औषधांनी दाब वाढतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रक्त आणि लघवी तपासायची. मूळ कारण तसंच राहिलं, तर नुसत्या गोळीने अर्धंच काम होतं.

आता औषधांकडे येऊ. मांजरांसाठी पहिली पसंती बहुधा अ‍ॅम्लोडिपिन. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. टेल्मिसार्टन हे दुसरं औषध. त्याच्या मांजरांसाठीच्या पातळ औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. कुत्र्यांत एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिलपासून सुरुवात करतात आणि गरजेप्रमाणे अ‍ॅम्लोडिपिन जोडतात. एक लक्षात ठेवा. हृदयरोगाच्या कुत्र्यालाही पुष्कळदा एनालाप्रिल देतात, तेव्हा ते हृदयावरचा भार कमी करण्यासाठी असतं. शेजारच्या कुत्र्याला ‘बी.पी.ची गोळी’ चालू आहे म्हणजे त्याला रक्तदाब आहे असं नव्हे आणि तीच आपल्या कुत्र्याला चालेल असंही नव्हे.

आपल्याकडे जनावरांनाही बहुतेक वेळा माणसांसाठी बनवलेलीच गोळी मोडून द्यावी लागते. त्यामुळे मापाचा हिशोब नीट समजून घेऊ. समजा, चार किलोच्या मांजराने पाच मिलिग्रॅमची एक अख्खी अ‍ॅम्लोडिपिन खाल्ली. वजनाच्या हिशोबाने साठ किलोच्या माणसाने एकदम पंधरा गोळ्या घेतल्यासारखं झालं. यावर कोणी म्हणेल, मग पंधरावा भाग द्यावा. तेही चुकीचं. अशा मांजराला आम्ही साधारणपणे ०.६२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतो. पाच मिलिग्रॅमच्या गोळीचा तो आठवा भाग आणि अडीचच्या गोळीचा चौथा. म्हणजे वजनाच्या मानाने मांजराला माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतं! उलट काही औषधं मांजराला कणभरही चालत नाहीत. पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. अख्खी गोळीही नाही आणि त्रैराशिकही नाही. प्रत्येक प्राण्याचं यकृत, मूत्रपिंड, रक्त वेगळं आणि म्हणून माप वेगळं. मी हे आकडे सांगितले ते घरी वापरून पाहण्यासाठी नव्हेत, तर अंदाजाने देणं किती फसवं आहे हे कळावं म्हणून.

यातून एक सवय लावून घ्या. डॉक्टर ‘अर्धी गोळी’ म्हणाले, तर विचारा, ‘किती मिलिग्रॅमची अर्धी?’ चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, गोळीची ताकद, किती भाग, म्हणजे एकूण किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे सगळं लिहून घ्या. मला एक प्रसंग आठवतो. एका मांजराला मी अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग लिहून दिला होता. दहा दिवसांनी ते आलं ते मलूल होऊन. रक्तदाब ११० च्या खाली. पट्टी पाहिली, तर दुकानातून एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिळालं होतं. दुकानदाराला वाटलं, आकडा तोच आहे, औषधही तेच. पण एस-अ‍ॅम्लोडिपिन म्हणजे त्या औषधातला फक्त काम करणारा अर्धा भाग. त्याचं अडीच मिलिग्रॅम हे साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या पाच मिलिग्रॅमच्या बरोबरीचं. मांजराला दहा दिवस दुप्पट औषध जात होतं. चिठ्ठीवर मीही ठळक अक्षरात ‘बदलू नये’ असं लिहायला हवं होतं. तेव्हापासून लिहितो.

नावापुढची अक्षरंही वाचा. एटी, एच, एएम अशी अक्षरं असतील, तर बहुधा गोळीत दोन किंवा तीन औषधं आहेत. त्यात अ‍ॅटेनोलॉल असेल तर हृदयाचे ठोके मंदावतात. राजाचं तेच झालं होतं. लघवी वाढवणारं औषध असेल, तर आधीच मूत्रपिंडाने अशक्त झालेलं मांजर आणखी कोरडं पडतं. एक्सएल, ईआर, एसआर अशी अक्षरं असलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटून दिली, तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं.

गोळी मोडायला विळी किंवा दाढीचं ब्लेड घेऊ नका. औषधाच्या दुकानात गोळी कापायची लहान डबी मिळते, ती घ्या. आठवा भाग घरी नीट होत नाही. एक तुकडा मोठा, एक लहान आणि उरलेला चुरा. म्हणून शक्यतो कमी ताकदीची गोळी मागावी आणि चारच भाग करावेत. कापलेले तुकडे पट्टीतच किंवा बंद, कोरड्या डबीत ठेवावेत. डबीवर जनावराचं नाव लिहावं आणि डबी आजोबांच्या डब्यापासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावी. चूक उलटीकडूनही होते. मांजरासाठी कापून ठेवलेला चतकोर तुकडा आपलाच समजून एका आजींनी आठवडाभर घेतला होता आणि माझं बी.पी. का वाढलं, म्हणून त्या फॅमिली डॉक्टरांवर रागावल्या होत्या!

आता गोळी प्रत्यक्ष द्यायची कशी? कुत्र्याच्या बाबतीत तीन घासांची युक्ती करा. पहिला घास साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच पुढे धरलेला. तिसऱ्याच्या आशेने दुसरा न चावता गिळला जातो. पोळीचा तुकडा, केळं, थोडं पनीर चालतं. चीज, फरसाण, पापड यांत मीठ फार, ते नको. शिऱ्यात किंवा लाडवात गोळी लपवत असाल, तर बेदाणे काढून टाका, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेटही नको. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर काय खाऊ चालेल हे डॉक्टरांनाच विचारा.

मांजर हे वेगळं प्रकरण आहे. आधी थोड्या माशात किंवा मटणाच्या खिम्यात देऊन बघा. मात्र पूर्ण वाटीत गोळी मिसळू नका. मांजर अर्धी वाटी टाकून जातं आणि किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. दुसरं मांजर ते खाऊन टाकतं, तो वेगळाच ताप. हाताने द्यायची असेल तर मांजराला टॉवेलात गुंडाळा, पाठ तुमच्याकडे. एका हाताने वरून डोकं गालांच्या हाडांशी धरा आणि नाक छताकडे करा. खालचा जबडा आपोआप थोडा सैल होतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खाली दाबून गोळी जिभेच्या अगदी मागे टाका, तोंड मिटा, गळ्यावरून हात फिरवा. मांजराने जीभ बाहेर काढून नाक चाटलं, की समजा गिळली. मग डोकं सरळ करून, गालाच्या बाजूने सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी थोडं थोडं द्या किंवा चमचाभर पातळ खाणं द्या. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होऊ शकते. डोकं वर धरून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. आणि झटापट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थांबा. औषध द्यायच्या नादात मांजराचा तुमच्यावरचा विश्वास गेला, तर पुढचे दिवस कठीण जातात. डॉक्टरांना सांगा, पातळ औषधाची काही सोय होते का ते बघता येतं.

वेळ रोज एकच ठेवा आणि काम एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडच्या एका घरात सकाळी मुलगा घाईत गोळी देऊन ऑफिसला जायचा आणि दहा वाजता सूनबाईंना वाटायचं, आज राहिलीच वाटतं. मांजर बिचारं दोनदा गिळायचं. त्यावर उपाय काय, तर भिंतीवरचं कॅलेंडर. गोळी दिली की त्या तारखेवर खूण. खूण नसेल तरच द्यायची. एखाद्या दिवशी राहून गेली, तर आठवल्यावर देता येते. पण दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्या. दोन एकत्र देऊ नका. देऊन झाल्यावर उलटी केली तरी आपल्या मनाने पुन्हा देऊ नका, फोन करून विचारा. आणि बरं दिसतंय म्हणून गोळी आपणहून बंद करू नका. बरं दिसतंय ते गोळीमुळे.

सुरू केल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजायला आणा. डोळ्याला किंवा मेंदूला धोका असेल, तर एक ते तीन दिवसांतच. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नका. औषधाखाली रक्तदाब किती आहे, तेच आम्हाला बघायचं असतं. वरचा आकडा १६० च्या खाली यावा, हे आमचं पहिलं उद्दिष्ट. पण आकडा १२० च्या खाली गेला आणि जनावर थकलेलं, धडपडणारं, चक्कर येऊन पडणारं दिसलं, तर माप कमी करायची वेळ आली. घरी तुम्ही एवढं बघा. ते नेहमीसारखं उडी मारतं का, जेवतं का, हिरड्या गुलाबी आहेत का, पंजे गार पडतात का. अ‍ॅम्लोडिपिनवर असलेल्या कुत्र्याच्या हिरड्या काही महिन्यांनी सुजून वाढू शकतात, तेही सांगा.

एनालाप्रिल, बेनाझेप्रिल, टेल्मिसार्टन चालू असेल, तर मधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. या औषधांच्या जोडीला सांधेदुखीची वेदनाशामकं आपल्या मनाने देऊ नका, मूत्रपिंडावर दोन्हीकडून घाव बसतो. आणि जनावराला उलट्या, जुलाब सुरू झाले, पाणी पीत नसेल, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अंगातलं पाणी कमी झालं असताना तीच रोजची गोळी जास्त ठरते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

आणि समजा, कुत्र्याने आजोबांची पट्टीच फोडून खाल्ली. लक्षणं दिसायची वाट बघू नका. हळूहळू विरघळणारी गोळी असेल, तर ती उशिरा दिसतात आणि अ‍ॅम्लोडिपिनचा अंमल एका दिवसात संपत नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने जास्त अपाय होतो. दूध, तूप, लिंबूपाणी काही नको. पट्टी घ्या, किती गोळ्या होत्या आणि किती उरल्या ते मोजा, केव्हा खाल्ल्या ते आठवा आणि थेट दवाखाना गाठा. राजाच्या आजोबांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. त्यांनी लपवलं नाही. पट्टी खिशात घालून आणली होती. त्यामुळे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की कशाशी गाठ आहे. काही माणसं भीतीने किंवा संकोचाने सांगत नाहीत आणि आम्ही विषबाधा, सर्पदंश, उष्माघात असं एकेक शोधत बसतो. डॉक्टर रागावतील, रागावू देत. मीही आजोबांना थोडं रागावलो होतो. नंतर त्याच पायरीवर आम्ही दोघांनी चहा घेतला.

राजा पुढे दोन वर्षं जगला, त्याच्या हृदयाच्या औषधावर. त्याची डबी वेगळी होती आणि तिच्यावर आजोबांनी लाल शाईने ‘राजा’ असं लिहिलं होतं.

आमच्या ठमीला त्याच रात्री अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलं. तीन आठवड्यांत रक्तदाब दीडशेच्या आसपास आला. एका डोळ्याचा पडदा थोडा बसला, सावल्या दिसू लागल्या असाव्यात, कारण खिडकीत कावळा आला की ती मान वळवायची. दुसरा डोळा गेला तो गेलाच. पडदा सुटल्यावर लवकर औषध मिळालं, तर काही मांजरांची दृष्टी बऱ्यापैकी परत येते. पण त्याही आधी, पाणी जास्त पिऊ लागली तेव्हाच मी मोजलं असतं, तर पडदे सुटलेच नसते. ठमी अजून तीन वर्षं होती. आम्ही घरातली तिवई, खुर्ची, पाण्याची वाटी काहीही जागेवरून हलवलं नाही. रोज सकाळी सात वाजता तिची गोळी माझी पत्नी द्यायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. माझ्यावर तिने ते काम सोपवलं नाही. ते बरोबरच होतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं मांजर नऊ-दहा वर्षांचं झालं असेल किंवा कुत्र्याला मूत्रपिंडाचा, मधुमेहाचा, ग्रंथीचा विकार असेल, तर पुढच्या वेळी लस टोचायला जाल तेव्हा डॉक्टरांना एवढंच म्हणा, ‘एकदा याचं बी.पी. मोजा ना.’ मोजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि दुखत काही नाही. आणि आज संध्याकाळी आजोबांचा गोळ्यांचा डबा जरा उंच फळीवर ठेवा.